शालेय क्रीडांगणावरील भयाचा उगम

पावसाळा ओसरू लागला की महाराष्ट्रातील तालुक्यातालुक्यांत शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. ओलसर मैदानावर फक्की मारली जाते, मुलांच्या छातीवर क्रमांकाची कापडे सेफ्टी पिनांनी टाचली जातात आणि सात-आठ मुले एका पांढऱ्या रेषेमागे येऊन उभी राहतात. त्यांच्यापैकी एकाचे हात गार पडलेले असतात. दुसरा अर्ध्या तासात तिसऱ्यांदा लघुशंकेला जाऊन आलेला असतो. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर वाऱ्यासारखी पळणारी एखादी मुलगी आज आपले पाय आपले नाहीतच, अशा भावनेने उभी असते. इशारा होतो आणि शर्यत पंधरा सेकंदांत संपते. 'ऐन वेळी कच खाल्ली' एवढे बोलून मंडपात बसलेली मंडळी पुढच्या शर्यतीकडे वळतात. ही कच मुलात आली कोठून, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

याचे एक ठरीव उत्तर आपल्याकडे तयार असते. मुलगा मनाने कच्चा, छातीत दम नाही, घरी लाडावलेला. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात मोठ्या माणसांपैकी कोणाचीच जबाबदारी उरत नाही. रेनर मार्टेन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली स्पर्धेतील चिंता मोजण्याची आपली प्रश्नावली प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या होत्या. काही मुलांची प्रकृतीच अशी असते की कोणतीही स्पर्धा त्यांना धोक्याची वाटते. ही झाली एक गोष्ट. विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट क्षणी मनाला व शरीराला ग्रासणारी भीती ही दुसरी. पहिली मुलाबरोबर मैदानावर येते, दुसरी बऱ्याच अंशी मैदानावर तयार होते. आणि ती तयार करणारे हात मुलाचे नसतात.

याच संशोधकांनी पुढे भीतीचेही पदर उलगडून दाखविले. छातीची धडधड, कोरडा घसा, थरथरणारे गुडघे ही देहाची भीती. 'मी हरलो तर?' ही मनाची. देहाची धडधड खेळ सुरू होताच बहुधा ओसरू लागते. मनातली शंका मात्र डावभर खेळाडूची पाठ सोडत नाही. ज्या शिक्षकाला हा भेद ठाऊक नाही, तो गार पडलेल्या हातांकडे बोट दाखवून 'अरे, घाबरतोस काय?' असे दटावतो. तोपर्यंत जी केवळ देहाची तयारी होती, तिला मनातल्या शंकेची जोड मिळते. मुलाला वाटू लागते, आपल्यात खरेच काही उणे आहे.

थोडी धडधड उपकारक असते, हे खेळाडू अनुभवाने जाणतात. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले की, सोपे काम शिकताना तीव्र चेतनाही चालते, पण काम अवघड झाले की तीच चेतना आड येऊ लागते. उंदरांवरून मुलांविषयी बोलताना जपून बोलावे हे खरे. तरी गोळाफेक आणि नेमबाजी यांना एकच उपदेश लागू पडत नाही, एवढे तरी त्यावरून ध्यानात यावे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ युरी हानिन तर याच्याही पुढे गेला. प्रत्येक खेळाडूची चेतनेची स्वतःची एक पातळी असते, कोणी अस्वस्थ असताना उत्तम खेळतो तर कोणी शांत असताना, असे त्याचे म्हणणे. सामन्यापूर्वी सगळ्या संघाला एका रांगेत उभे करून एकाच आवेशात चेतविणारे भाषण देणारे सर त्यांच्यातल्या तिघांना जागे करतात आणि तिघांना घाबरवतात.

मग मुलगा ऐन वेळी चुकतो तो कसा? रॉय बॉमायस्टर याने १९८४ साली याचा एक पटण्याजोगा उलगडा केला. सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल लक्ष न देताच नीट होते. दडपण आले की मनुष्य स्वतःच्या हालचालीकडेच पाहू लागतो आणि ती विस्कटते. लांब उडी मारणारी मुलगी वर्षभर धावत येऊन फळीवर बिनचूक पाय टाकते, पण जिल्ह्याच्या स्पर्धेत ती पावले मोजू लागते आणि पाय फळीच्या पुढे पडतो. पंच लाल निशाण वर करतो. तिचे धैर्य कोठेही गेलेले नसते. तिचे लक्ष नको त्या जागी गेलेले असते, आणि ते तिकडे वळविण्याची व्यवस्था आपण फार काळजीपूर्वक करून ठेवली आहे.

या व्यवस्थेचा पहिला भाग स्पर्धेच्या रचनेतच आहे. आपल्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर चढतात. राज्यात असे आठ विभाग आहेत. खो-खो, कबड्डीसारख्या सांघिक खेळांत खालच्या पायऱ्यांवर सामने बहुतेक बाद पद्धतीने होतात. सोळा संघ आले तर पंधरा सामन्यांत सारे आटोपते. दिवस वाचतो, खर्च वाचतो. पण त्यातले आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. जूनपासून रोज पहाटे मैदान गाठणाऱ्या मुलांचे वर्ष अर्ध्या-पाऊण तासात निकाली निघते. परीक्षेला निदान पुरवणी परीक्षा असते. येथे तेही नाही. एका चुकीची किंमत एक वर्ष, असा हिशेब चौदा वर्षांच्या मुलापुढे मांडल्यावर त्याचे हात गार न पडले तरच नवल.

सांघिक खेळात जबाबदारी वाटली जाते, म्हणून भीती कमी, असा एक समज आहे. तो अगदीच निराधार नाही. १९७९ साली ज्युली सायमन आणि मार्टेन्स यांनी नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांची चिंता निरनिराळ्या प्रसंगी मोजली, तेव्हा वैयक्तिक खेळांतील मुले सांघिक खेळांतील मुलांपेक्षा अधिक चिंताक्रांत आढळली. खेळांत सर्वांत वर होती कुस्ती. मात्र सगळ्यांच्या वर जो प्रसंग निघाला तो खेळाचा नव्हताच. वाद्यवृंदातून एकट्याने उठून वाद्य वाजविणाऱ्या मुलांना सर्वांत अधिक भीती वाटत होती. जिंकणे-हरणे यापेक्षाही, सर्वांच्या डोळ्यांदेखत एकटे असणे मुलाला जड जाते, असा याचा अर्थ.

हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या देशी सांघिक खेळांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. कबड्डी सात जणांची खरी. पण चढाईला निघालेला मुलगा त्या तीस सेकंदांपुरता पृथ्वीच्या पाठीवर एकटा असतो. समोर सात जण, मागे रेषा, आणि चारी बाजूंनी नावाने पुकारा करणारे गाव. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर 'करो या मरो'ची तिसरी चढाई ज्याच्या वाट्याला येते, त्याच्या मनाची कल्पना करावी. खो-खोतही तिघांच्या तुकडीतले दोघे बाद झाले की उरलेल्या एकीवर सगळ्या शाळेचे डोळे खिळतात. दोनशे मुली बाहेरून सेकंद मोजत ओरडत असतात. त्यांचा हेतू धीर देण्याचा असतो. आत धावणाऱ्या मुलीला त्या मोजणीतून काय ऐकू येते, हे तिला कोणी विचारीत नाही. हल्ली त्यात मोबाइलची भर पडली आहे. पूर्वी झालेली चूक संध्याकाळपर्यंत विसरली जाई. आता ती शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्रीपर्यंत दहा वेळा पाहिली जाते.

दुसरा भाग गुणांचा आणि प्रमाणपत्रांचा. खेळाकडे पाठ फिरविणाऱ्या पालकांना वळविण्यासाठी शासनाने दहावी-बारावीच्या खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण ठेवले. २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आले. या सवलतींनी अनेक गरीब घरांतील मुलांचे भले केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शेतमजुराचा मुलगा खेळाच्या बळावर खाकी वर्दीत शिरतो, तेव्हा त्या घराचा इतिहासच बदलतो. परंतु याच सवलतींनी खेळाच्या मुळाशी एक वेगळाच हिशेब आणून ठेवला, हेही तितकेच खरे. सामना हरणे म्हणजे केवळ सामना हरणे राहिले नाही. गुण गेले, कदाचित विज्ञान शाखेचा प्रवेश गेला, पुढची नोकरी गेली. सतरा वर्षांखालील गटात दहावीची मुले खेळतात. एका बाजूला सहामाही, दुसऱ्या बाजूला विभागीय स्पर्धा, आणि 'एवढे एक वर्ष खेळ, राज्यावर गेलास तर गुण मिळतील, नाहीतर बंद' हा घरचा करार. मैदानावर उतरताना मुलाच्या खिशात हा करार असतो. प्रमाणपत्राची किंमत इतकी वाढल्यावर बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस यावीत, यात आश्चर्य नाही. जो मार्ग वयस्क माणसे लबाडीने ओलांडतात, त्यावर मुले भीतीने लटपटतात.

मुलींच्या बाबतीत हा करार आणखी कडक असतो. मुलगा हरला तर त्याला पुढच्या वर्षी पाहू म्हणतात. मुलगी हरली तर 'झाले ना आता खेळून?' असे विचारतात. परगावी मुक्काम, रात्रीचा प्रवास, मैदानावर स्वच्छतागृहाची वानवा, पाळीच्या दिवसांत पांढरी विजार घालून धावण्याचा संकोच आणि बघ्यांची शेरेबाजी यांतून वाट काढीत ती रेषेपर्यंत पोहोचलेली असते. तिची पुढच्या वर्षीची परवानगी पुष्कळदा या वर्षीच्या पदकावर अवलंबून असते. म्हणजे खेळण्यासाठी तिने जिंकलेच पाहिजे. भावाला ही अट नसते.

काही कारणे इतकी साधी आहेत की ती भीतीची कारणे म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. मातीच्या मैदानावर अनवाणी पळणारी मुले पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडासंकुलात येतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलातील लालभडक कृत्रिम धावमार्गावर ती प्रथमच पाय ठेवतात. शेजारच्या मार्गिकेतील मुलाच्या पायांत खिळ्यांचे बूट असतात. कबड्डी आता मॅटवर आली, खो-खोही मॅटवर गेला. खेड्यातल्या शाळेला ती मॅट स्पर्धेच्या दिवशीच दिसते. पाय कोठे घसरेल, किती रुतेल याचा अंदाज नसलेल्या मुलाला वाटणारी भीती ही मनाची दुर्बलता नव्हे, ती शहाणपणाची खूण आहे. कुस्तीत वजनगट असतात, कबड्डीच्या किशोर-कुमार गटांतही वजनाची अट असते. आदल्या रात्री जेवण टाळून, पाणीही न पिता, सकाळी स्वेटर चढवून पळणारी मुले काट्यावर उभी राहतात तेव्हा त्यांची निम्मी शक्ती संपलेली असते. रिकाम्या पोटी आलेली थरथर आणि भीतीची थरथर यांतला फरक त्यांना कोण सांगणार? वयाची लबाडी ही आपल्या खेळांची जुनी व्याधी. सतरा वर्षांखालच्या गटात दाढीमिशांचा प्रतिस्पर्धी समोर उभा राहिला की खऱ्या वयाच्या मुलाला आपण लढत हरलो आहोत असे लढण्यापूर्वीच वाटू लागते, आणि बहुधा ते खरे ठरते.

एवढे सारे मुलांविषयी झाले. पण क्रीडाशिक्षकाचीही बाजू पाहिली पाहिजे. अनेक शाळांत तो एकटाच असतो, कित्येक शाळांत तोही नसतो. त्याचे तास गणिताचे किंवा इंग्रजीचे सर परीक्षेच्या नावाखाली मागून घेतात. निवडणुकीचे काम, जनगणनेचे काम, प्रजासत्ताकदिनाचे संचलन आहेच. वर्षभर ज्याला मैदान, वेळ आणि साहित्य यांपैकी काहीच पुरेसे मिळत नाही, त्याला स्पर्धेनंतर मुख्याध्यापक एकच प्रश्न विचारतात: 'किती ढाली आणल्या?' हा प्रश्न तो मुलांपर्यंत पोहोचवतो, आपल्या आवाजात, रेषेबाहेरून ओरडून. संघाच्या चुकीवर तो कपाळावर हात मारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापकांची खोली असते. मुलांना मात्र वाटते की सरांच्या मनातून आपण उतरलो.

स्पर्धेतील भय हवेच, त्याशिवाय पोलाद घडत नाही, असा एक प्रतिवाद नेहमी केला जातो. खेळात दडपण नसावे असे कोणीच म्हणत नाही. दडपणाचे प्रसंग मुलाने पेलावेत म्हणून तर खेळ. पण पोलाद घडविण्याच्या या भट्टीतून किती मुले बाहेर पडली याची यादी करताना, किती मुले भट्टीपाशी फिरकेनाशी झाली याची यादी कोणी करीत नाही. तारा स्कॅनलन आणि मायकेल पॅसर यांनी १९७८ मध्ये फुटबॉल खेळणाऱ्या लहान मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. हरलेली मुले सामन्यानंतर जिंकलेल्यांपेक्षा अधिक अस्वस्थ होती, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित हे की, ज्या मुलांना त्या दिवशी खेळताना मजा आली होती ती हरूनही तितकी अस्वस्थ नव्हती. 'मजा' हा शब्द आपल्या क्रीडा-परिपत्रकांत सहसा सापडत नाही. तो उथळ वाटत असावा.

याहून बोलका अनुभव वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांचा आहे. त्यांनी मुलांना बेसबॉल शिकविणाऱ्या हौशी मार्गदर्शकांसाठी केवळ काही तासांचे एक शिबिर आखले. चांगल्या खेळाला व प्रयत्नाला तत्काळ दाद द्यावी, चूक झाल्यावर आधी धीर द्यावा, मग ती सुधारण्याची रीत सांगावी. ओरडू नये, शिक्षा करू नये. इतकेच. १९९२ साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, शिबिर न केलेल्या मार्गदर्शकांच्या हाताखालील सुमारे २६ टक्के मुलांनी पुढच्या वर्षी खेळ सोडला होता. शिबिर केलेल्यांच्या हाताखालील फक्त ५ टक्के मुलांनी. पुढच्या पाहणीत मुलांची स्पर्धेतील चिंताही उतरल्याचे दिसले. दोन्ही गटांच्या संघांच्या विजयांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. याचा अर्थ, ओरडल्याने एकही सामना अधिक जिंकला गेला नव्हता.

पराभवाचा जो अर्थ समाज मुलांच्या कानांवर घालतो, त्याचाही येथे विचार व्हावा. भारतीय मैदानी खेळांतील सर्वांत अधिक वेळा सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी चौथ्या क्रमांकाच्या आहेत: १९६० साली रोममध्ये मिल्खासिंग आणि १९८४ साली लॉस एंजल्समध्ये एक शतांश सेकंदाने पदक हुकलेली पी. टी. उषा. जगात चौथे येणे ही केवढी थोर गोष्ट! पण त्या कथा आपण हळहळीच्या सुरात सांगतो. वीस वर्षांची एक मुलगी पय्योळीच्या वाळूतून धावत जाऊन जगातील चौथी अडथळा-धावपटू झाली, असे वाक्य शाळेच्या फलकावर लिहिलेले दिसत नाही. उरतो तो एक शतांश सेकंद. तालुक्यात चौथ्या आलेल्या मुलीने मग स्वतःविषयी काय समजावे?

उपाय फार मोठ्या खर्चाचे नाहीत. क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात दोन दिवस मुलांच्या मनाला द्यावेत, राज्यस्पर्धेपूर्वी मुलांना नव्या मैदानावर एक दिवस नुसते पळू द्यावे, सवलतीच्या गुणांचा काही भाग निकालाऐवजी वर्षभराच्या नियमित सहभागाशी जोडता येईल का हे पाहावे. यातले शेवटचे सर्वांत अवघड आहे, कारण उपस्थितीची नोंद खोटी करणे पदक खोटे करण्यापेक्षाही सोपे असते. परंतु तालुका पातळीवर तरी बाद पद्धत सोडून साखळी पद्धत आणायला कोणाची हरकत असावी? चार-चार संघांचे गट पाडले तर प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात आणि पहिल्या सामन्यातील चूक दुसऱ्या सामन्यात भरून काढता येते. दिवस वाढतील, पंचांचे मानधन वाढेल, पाऊस आडवा येईल, अशा अडचणी संयोजक सांगतात आणि त्या खोट्या नाहीत. तरीही स्पर्धेच्या ठिकाणी दुपारी एक चक्कर मारावी. सकाळी साडेनऊला हरलेला संघ झाडाखाली दप्तरांवर डोके टेकून बसलेला असतो, कारण सरांना पंच म्हणून थांबावे लागले आहे आणि शाळेची जीप संध्याकाळीच निघणार आहे. असे आठ संघ असतात. बाजूचे दुसरे मैदान, आखलेले, फक्की मारलेले, बारा वाजल्यापासून रिकामे पडलेले असते.